टर्की, तुर्कस्तान, तुर्किये : एका नामांतराचा प्रकरण अभ्यास

१ जून २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या न्यूयॉर्क येथील मुख्यालयात तुर्कस्तानचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री मेव्ल्युत चावुशोलू यांनी सरचिटणीस अँतोनियो गुतेरेस यांच्या नावे पाठवलेले एक पत्र दाखल झाले. सर्व व्यवहारांत देशाचे नाव यापुढे इंग्रजी ‘टर्की’ असे न लिहिता ‘तुर्किये’ असे लिहावे, एवढीच त्यात विनंती होती. पत्र हाती पडल्या क्षणापासून बदल लागू झाल्याचे राष्ट्रसंघाचे प्रवक्ते स्तेफान दुजारिक यांनी सांगितले. चर्चा झाली नाही, मतदान झाले नाही आणि त्यांची गरजही नव्हती. आपल्याला कोणत्या नावाने संबोधावे हे सदस्य राष्ट्राने कळवायचे आणि सचिवालयाने त्याची नोंद घ्यायची, अशी ही रीत आहे. सदस्यांच्या इंग्रजी वर्णानुक्रमात देशाची जागासुद्धा हलली नाही; तो पूर्वीप्रमाणेच ट्युनिशिया आणि तुर्कमेनिस्तान यांच्या मध्ये राहिला.

कागदोपत्री इतक्या सहज पार पडलेल्या या प्रकरणाची बातमी जगभर गाजली ती मात्र एका पक्ष्यामुळे. नाताळच्या मेजवानीत भाजून वाढल्या जाणाऱ्या ‘टर्की’ याच इंग्रजी नावाच्या पक्ष्याशी होणारी गल्लत टाळण्यासाठी एका प्रजासत्ताकाने आपले नाव बदलून घेतले, असा बहुतेक वृत्तांचा सूर होता. ही मांडणी चटकदार आहे, परंतु कागदपत्रे पाहिली तर ती अपुरी ठरते. नामांतरात पक्ष्याचा वाटा नेमका किती, पक्षी आणि देश एकाच शब्दात अडकले कसे, आणि ज्या मराठीत ही अडचण मुळात नव्हती तिने या बदलाचे काय करावे, याचा विचार येथे केला आहे.

तक्रार आणि परिपत्रक

इंग्रजीत या एका शब्दाला चिकटलेले अर्थ पाहिले म्हणजे तुर्की सरकारची अस्वस्थता समजू शकते. देश आणि पक्षी हे दोन ठळक अर्थ झाले. त्यांखेरीज अमेरिकी बोलीत सपशेल आपटलेल्या नाटकाला किंवा चित्रपटाला हाच शब्द लावतात, मूर्ख माणसालाही लावतात. बोलिंगच्या खेळात लागोपाठ तीन वेळा पहिल्याच फेकीत सगळे पिन पाडले, तर त्या पराक्रमाचे नावही हेच आहे. व्यसन हळूहळू कमी न करता एका दिवसात तोडून टाकणे आणि आडपडदा न ठेवता मुद्द्याचे बोलणे, या दोन्हींसाठी असलेल्या वाक्प्रचारांतही हाच पक्षी येऊन बसला आहे. देश सोडला तर यांपैकी एकाही अर्थाचा अनातोलियाच्या, म्हणजे तुर्कस्तानच्या मुख्य भूमीच्या, पठाराशी संबंध नाही. तुर्कस्तानच्या सरकारी प्रसारण संस्थेच्या ‘टीआरटी वर्ल्ड’ या इंग्रजी वाहिनीने देशाची बाजू मांडताना नेमका यावर बोट ठेवले : इंटरनेटवर देशाचे नाव शोधले की देशाच्या माहितीत पक्ष्याची चित्रे मिसळून येतात, आणि शब्दकोश उघडला तर त्याच नावाखाली ‘मोठे अपयश’ आणि ‘मूर्ख व्यक्ती’ हे अर्थ सापडतात.

परंतु ज्या दस्तऐवजामुळे हे सर्व सुरू झाले, त्यात पक्षी नाही. राष्ट्राध्यक्ष रेजेप तय्यिप एर्दोआन यांनी डिसेंबर २०२१ मध्ये एक परिपत्रक काढले. तुर्की राष्ट्राची संस्कृती, सभ्यता आणि मूल्ये ‘तुर्किये’ या नावातून सर्वांत चांगल्या रीतीने व्यक्त होतात, म्हणून निर्यातीच्या मालावर ‘मेड इन तुर्किये’ असे छापावे आणि परदेशांशी होणाऱ्या पत्रव्यवहारातही हेच नाव वापरावे, असा त्याचा आशय आहे. कोणती नावे मागे घ्यायची याची उदाहरणे देताना परिपत्रकाने इंग्रजी ‘टर्की’बरोबर जर्मन ‘ट्युर्काय’ आणि फ्रेंच ‘त्युर्की’ यांचाही उल्लेख केला आहे, आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा पुरावा हाच आहे. जर्मन भाषेत या पक्ष्याला ‘ट्रुटहान’ म्हणतात आणि फ्रेंचमध्ये त्याच्या मादीला ‘दँद’. म्हणजे या दोन भाषांत देश आणि पक्षी यांची गल्लत होण्याची शक्यताच नाही. तरीही त्या भाषांतील नावे बदलायची होती. परदेशी वाचकाला चटकन उमगेल आणि वर थोडे हसूही येईल असे समर्थन पक्ष्याने पुरवले, परंतु निर्णयाची दिशा त्याआधीच ठरलेली होती.

ती दिशा व्यापाराची आणि राष्ट्राभिमानाची होती. तुर्कस्तानच्या निर्यातदारांच्या संघटनेने जानेवारी २०२० मध्येच आपल्या मालावर ‘मेड इन तुर्किये’ ही एकच मुद्रा वापरण्याचे जाहीर केले होते, म्हणजे सरकारी परिपत्रक व्यापाऱ्यांच्या मागून आले. जानेवारी २०२२ मध्ये ‘हॅलो तुर्किये’ ही प्रचारमोहीम निघाली आणि पर्यटक नव्या नावाने अभिवादन करताना दिसू लागले. प्रजासत्ताकाची शताब्दी ऑक्टोबर २०२३ मध्ये यायची होती, निवडणूकही त्याच वर्षी होती, आणि मे २०२२ मध्ये देशातील महागाईचा अधिकृत वार्षिक दर ७३.५ टक्क्यांवर गेला होता. लोकांचे लक्ष बाजारभावावरून दुसरीकडे वळवण्याचा हा डाव असल्याची टीका देशातल्या देशात झाली. ती अगदीच गैरलागू म्हणता येत नाही. मात्र निर्यातदारांचा २०२० मधील निर्णय पाहता संपूर्ण प्रकरण त्या एका हेतूत बसवणेही योग्य नाही.

एका नावाखाली दोन पक्षी

देशाचे नाव जुने आहे. मध्ययुगीन लॅटिन लेखनात तुर्कांच्या भूमीला ‘तुर्किया’ म्हणत आणि चौदाव्या शतकातील इंग्रजी काव्यातही तिचा उल्लेख सापडतो. पक्ष्याचे नाव त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी आले आणि तेही आधी भलत्याच पक्ष्याला मिळाले.

आफ्रिकेतील गिनी फाउल, म्हणजे करड्या अंगावर पांढरे ठिपके असलेली रानकोंबडी, पूर्व भूमध्य समुद्रातील बंदरांमधून युरोपात पोहोचत असे. हा व्यापार ज्या प्रदेशातून चाले तो इंग्रजांच्या दृष्टीने तुर्कांचा होता, म्हणून कोंबडी ‘तुर्की’ ठरली. तेवढ्यात, सोळाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत, स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोतून एक नवा, मोठा पक्षी आणला. मेक्सिकोतील लोकांनी तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच माणसाळवला होता आणि तिथल्या नाहुआत्ल भाषेत त्याचे स्वतःचे नावही होते. आजही मेक्सिकोत त्याच नावापासून बनलेला ‘ग्वाहोलोते’ हा शब्द चालतो. इंग्रजांना मात्र दोन्ही पक्षी परदेशी, दोन्ही कोंबडीच्या जातीचे आणि दोन्ही व्यापाऱ्यांच्या हातून आलेले. त्यामुळे एकच नाव दोघांनाही लागले. पुढे आफ्रिकी पक्ष्याला ‘गिनी’ हे वेगळे नाव मिळाले आणि जुने नाव अमेरिकी पक्ष्याकडेच राहून गेले. इंग्लंडमध्ये हा पक्षी किती लवकर प्रतिष्ठा पावला हे यॉर्कशरमधील विल्यम स्ट्रिकलंड यांना १५५० साली मिळालेल्या कुलचिन्हावरून कळते. त्या चिन्हावर पिसारा फुलवलेला टर्कीचा नर आहे.

शास्त्रीय नावांनीही हा घोळ सोडवला नाही, उलट जपून ठेवला. जीवांच्या शास्त्रीय नामकरणाची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने १७५८ साली अमेरिकी पक्ष्याला ‘मेलिआग्रिस गॅलोपाव्हो’ असे नाव दिले. ‘मेलिआग्रिस’ हा गिनी फाउलसाठी असलेला प्राचीन ग्रीक शब्द आहे, आणि उरलेल्या अर्ध्या नावात लॅटिन कोंबडा आणि लॅटिन मोर यांची सांगड आहे. गिनी फाउलच्या शास्त्रीय नावातही ‘मेलिआग्रिस’ आहेच. एका पक्ष्याच्या नावात आफ्रिकी पक्षी, कोंबडा आणि मोर असे तिघे राहतात. मेक्सिकोला तेवढी जागा मिळालेली नाही.

वस्तूला ती जिथून आली त्या देशाऐवजी ती ज्याने विकली त्याचे नाव देण्याची ही सवय पक्ष्यापुरती नव्हती. इंग्लंडच्या राणीने १५८१ साली पूर्व भूमध्य समुद्रातील व्यापारासाठी सनद दिली ती मंडळी ‘टर्की कंपनी’ म्हणूनच ओळखली जाई. अमेरिकेतून आलेल्या मक्यालाही इंग्रजीत काही काळ ‘तुर्की गहू’ म्हणत. इराणातील निशापूरच्या खाणींतून येणाऱ्या पिरोजा या रत्नाला युरोपी भाषांमध्ये मिळालेल्या नावाचा अर्थही ‘तुर्की दगड’ असाच आहे.

जो तो दुसऱ्या देशाकडे बोट दाखवतो

खुद्द तुर्की भाषेत या पक्ष्याला काय म्हणतात, हे मराठी वाचकाला सांगितले की तो पहिल्यांदा विश्वास ठेवत नाही. त्याचे नाव ‘हिंदी’ आहे. भारत हा ‘हिंदिस्तान’, नारळ हा ‘हिंदिस्तान जेविझी’, म्हणजे भारताचा अक्रोड, आणि मेक्सिकोतून आलेला हा पक्षी ‘हिंदी’, म्हणजे भारतीय. फ्रेंच ‘दँद’ हेही ‘भारताची कोंबडी’ या शब्दसमूहाचे आटलेले रूप आहे. पोलिश ‘इंदिक’ आणि रशियन ‘इंदेयका’ हे त्याच घराण्यातले. डचांनी तर थेट कालिकत बंदराचे नाव घेतले. त्यांचा ‘काल्कून’ डेन्मार्क, फिनलंड आणि पुढे इंडोनेशियापर्यंत गेला. स्पॅनिश लोक अमेरिकेलाच ‘इंडीज’ म्हणत असल्यामुळे ही भारताची छाप पडली, हे स्पष्टीकरण बहुतेक भाषांना लागू पडते. अरबीत हाच पक्षी ‘दीक रूमी’ आहे. म्हणजे रूमचा, पूर्व रोमन साम्राज्याच्या जुन्या भूमीचा कोंबडा, आणि ती भूमी बहुतांशी आजच्या तुर्कस्तानात येते. ज्या गिनी फाउलला इंग्रजांनी आधी तुर्की म्हटले, तिला तुर्क लोक ‘बेच’ची कोंबडी म्हणतात, आणि बेच हे व्हिएन्ना शहराचे जुने उस्मानी (ऑटोमन) नाव आहे. 

भारतात हा पक्षी खरोखर आला तो गोव्याच्या मार्गाने. १६१२ साली मुघल सरदार मुकर्रब खान याने जहांगीर बादशहाच्या आज्ञेवरून पोर्तुगिजांच्या गोव्यातून दुर्मिळ वस्तू विकत आणल्या, त्यांत काही प्राणी असे होते की ते दरबारात पूर्वी कोणी पाहिले नव्हते आणि त्यांची नावेही कोणाला ठाऊक नव्हती, असे बादशहाने आपल्या आत्मवृत्तात नोंदवले आहे. त्यांतल्या एका पक्ष्याचे वर्णन वाचताना तो टर्कीच आहे याबद्दल शंका उरत नाही : आकाराने लांडोरीपेक्षा मोठा आणि मोरापेक्षा लहान, मोरासारखाच पिसारा पसरून नाचणारा, आणि डोके व मान घटकेत पोवळ्यासारखी लाल, घटकेत कापसासारखी पांढरी, तर कधी पिरोजी करणारा. दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूर याने त्याचे चित्र काढले. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ज्या पक्ष्याला निम्मा युरोप भारतीय समजत होता आणि तुर्क आजही ‘हिंदी’ म्हणतात, तो हिंदुस्थानच्या बादशहाला मात्र बिननावाचे नवल वाटला होता.

पोर्तुगीज लोक या पक्ष्याला ‘पेरू’ म्हणतात आणि हिंदी व बंगालीत तो ‘पीरू’ किंवा ‘पेरू’ झाला. प्रस्तुत प्रकरणाच्या दृष्टीने हे उदाहरण फार उपयोगाचे आहे, कारण देश आणि पक्षी यांचे एकच नाव असण्याची ही दुसरी जोडी आहे. ब्राझीलमध्ये कोट्यवधी लोक पोर्तुगीज बोलतात, पेरू हा त्यांच्या सीमेला लागून असलेला देश आहे, आणि नाताळात त्यांच्याकडेही पेरूच भाजला जातो. पण त्यावरून पेरू देशाने नाव बदलले नाही. मराठीत तर हेच अक्षर-न्-अक्षर देशाचे आणि फळाचे नाव आहे. ‘पेरूला मीठ-तिखट लावले’ या वाक्याने कोणाला दक्षिण अमेरिका आठवत नाही. समान नाव एकटे असते तेव्हा संदर्भ त्याचा निकाल लावतो. अडचण तेव्हाच उभी राहते जेव्हा ती भाषा जगाच्या व्यवहाराची असते, त्या शब्दाला हेटाळणीचे अर्थ चिकटलेले असतात आणि शोधयंत्राला संदर्भ कळत नाही. इंग्रजीत या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या.

अंमलबजावणी कुठवर पोहोचली

देशांच्या नावांची आणि संकेताक्षरांची प्रमाण यादी ठेवणाऱ्या आयएसओ या संघटनेने जुलै २०२२ मध्ये नवे नाव नोंदवले. संकेताक्षरे बदलण्याचे कारण नव्हते, कारण ती दोन्ही रूपांना चालतात. नाटो आणि इतर आंतरराष्ट्रीय संस्थांनीही नाव स्वीकारले. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जानेवारी २०२३ मध्ये औपचारिक व्यवहारात ‘तुर्किये’ लिहायला सुरुवात केली, परंतु अमेरिकी जनतेला जुने नाव अधिक परिचित असल्याने गरज पडेल तिथे तेही वापरता येईल अशी मुभा ठेवली. इंग्रजीतील अनेक वृत्तपत्रे आणि सामान्य बोलणारे लोक जुन्याच नावावर राहिले. याचे एक साधे कारण कळफलकावर आहे : तुर्की लिपीतील ज्या स्वरावर दोन टिंबे येतात, तो स्वर इंग्रजी कळफलकावर सहज मिळत नाही.

विशेषणाला मात्र कोणी हात लावला नाही. भाषा, कॉफी आणि मिठाई इंग्रजीत पूर्वीच्याच शब्दाने ओळखली जातात, आणि राष्ट्रीय विमानसेवा जगभर ‘टर्किश एअरलाइन्स’ या नावानेच तिकिटे विकते. 

‘तुर्किये’ हे नाव अस्सल आणि ‘टर्की’ हे परक्यांनी लादलेले, असा युक्तिवाद या काळात वारंवार झाला, त्यालाही मर्यादा आहे. ‘तुर्क’ या शब्दाला लागलेला शेवटचा प्रत्यय अरबी वळणाचा आहे, इजिप्तच्या मामलुक राज्याला अरबी लेखक याच धर्तीचे नाव देत, आणि उस्मानी सुलतान आपल्या राज्याला अधिकृतपणे तुर्कांचा देश न म्हणता उस्मानाच्या घराण्याचे उच्च राज्य म्हणवत. १९२३ च्या प्रजासत्ताकाने हे नाव जाणीवपूर्वक स्वीकारले. शंभर वर्षे आणि एका राष्ट्राची संमती एवढा आधार त्याला पुरेसा आहे. प्राचीनतेचा दाखला जोडण्याची आवश्यकता नाही.

मराठीपुढील प्रश्न

मराठीने या देशाला पिढ्यान्‌पिढ्या ‘तुर्कस्तान’ म्हटले. खिलाफतीचा प्रश्न असो वा केमाल पाशाच्या सुधारणा, मराठी वाचकाने त्या बातम्या तुर्कस्तानच्याच म्हणून वाचल्या. तुर्की टोपी आली, १९६० च्या दशकाअखेरीस काँग्रेसमधील चंद्रशेखर आणि आपले मोहन धारिया यांच्यासारख्यांना ‘तरुण तुर्क’ म्हटले गेले, आणि न्हाणीघरात टर्किश टॉवेल आला तेव्हाही तो पक्ष्याच्या पिसांचा असेल असे कोणाला वाटले नाही. पक्षी मराठीत उशिरा आला आणि इंग्रजी नाव घेऊनच आला; कृषिविषयक लेखनात आज ‘टर्कीपालन’ हा रुळलेला शब्द आहे. म्हणजे देश ‘तुर्कस्तान’ आणि पक्षी ‘टर्की’, अशी स्वच्छ विभागणी आपल्याकडे आपोआप झाली होती. ती बिघडली इंग्रजी बातम्या घाईघाईने मराठीत उतरवताना, जेव्हा देशही ‘टर्की’ होऊ लागला. ज्या गोंधळातून सुटण्यासाठी एका देशाने राष्ट्रसंघाला पत्र लिहिले, तो आपण विनाकारण आयात केला, असे म्हणणे भाग आहे.

फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर हे ठळकपणे दिसले. भारताने ‘ऑपरेशन दोस्त’ या नावाने मदत पाठवली. ‘दोस्त’ हा शब्द तुर्कीत आणि आपल्याकडे सारखाच आहे. त्या काळात मराठी बातम्यांत तुर्कस्तान, तुर्की, टर्की, तुर्किये आणि तुर्कीये ही सर्व रूपे आढळत होती.

तरीही ‘तुर्कस्तान’वर थांबावे, इतके हे सोपे नाही. या शब्दाची स्वतःची एक जुळी अडचण आहे. फारसीत आणि इतिहासलेखनात तुर्कस्तान म्हणजे मध्य आशिया : रशियाने १८६७ मध्ये स्थापन केलेला प्रांत याच नावाचा होता आणि कझाकस्तानात या नावाचे शहर आजही आहे. मध्ययुगीन भारताच्या इतिहासात जे तुर्क सुलतान आणि सरदार येतात त्यांची मुळे शोधताना मराठी विद्यार्थी ‘तुर्कस्तान’ वाचून नकाशावर इस्तंबूलकडे पाहतो, हा दोष खरा आहे आणि पक्ष्याच्या गमतीपेक्षा अधिक नुकसान करणारा आहे. पक्ष्याची चूक वाक्य पूर्ण होताच दुरुस्त होते. ही चूक पाठ्यपुस्तकातून पाठ होते.

मुंबईचे उदाहरण येथे लागू पडते, पण ते कोणत्या बाजूने, हे नीट पाहिले पाहिजे. १९९५ मध्ये शहराचे इंग्रजी नाव बदलले तेव्हा मराठीत काहीच बदलले नाही, कारण मराठीत ती मुंबईच होती; इंग्रजीतही उच्च न्यायालयाच्या नावात ‘बॉम्बे’ टिकून राहिले. तुर्क लोकांचीही स्थिती अशीच आहे. त्यांच्या तोंडी बदल शून्य आहे. मराठी भाषकाची जागा या प्रकरणात ज्याला नवे नाव शिकायचे आहे त्याची आहे, आणि मुंबईसाठी आपण इतरांकडून जी अपेक्षा केली ती येथे आपल्याला लागू होते.

म्हणून समकालीन देशाविषयी, विशेषतः २०२२ नंतरच्या घडामोडींविषयी लिहिताना ‘तुर्किये’ हे एकच रूप वापरावे असे मला वाटते. मूळ उच्चार ‘त्युर्किये’च्या अधिक जवळ असला तरी ‘तुर्क’ हा ओळखीचा शब्द डोळ्यांना दिसत राहतो हा ‘तुर्किये’चा फायदा मोठा आहे, आणि ‘तुर्कीये’ असा दीर्घ ईकार लिहिण्यास उच्चाराचा आधार नाही. १९२३ पासून २०२२ पर्यंतच्या इतिहासात ‘तुर्कस्तान’ ठेवण्यास हरकत नाही. लेखात पहिल्यांदा येताना ‘तुर्कस्तान, म्हणजे आजचा तुर्किये’ एवढे लिहिले की पुरते. त्याआधीच्या राज्याला ‘उस्मानी साम्राज्य’ हा नेमका शब्द उपलब्ध आहे, आणि मध्य आशियाचा संदर्भ असेल तिथे ‘मध्य आशियातील तुर्कस्तान’ असे स्पष्ट लिहावे. ‘तुर्की’ हा शब्द भाषेसाठी आणि विशेषणासाठी राखावा, देशासाठी नको. ‘टर्की’ मात्र पक्ष्याचीच राहू द्यावी. पालनाच्या शेडपासून नाताळच्या मेजवानीपर्यंत तिचा मराठीतला कारभार त्या नावाने सुरळीत चाललेला आहे.